लॅपटॉप उघडला की वायफाय गायब : नवा घेण्याआधी एवढं करून पाहा

प्रश्न : सांगली जिल्ह्यातून एका ताईंचं पत्र आलं आहे. त्या घरी बसून लहान दुकानदारांचे हिशेब लिहितात, टॅलीवर नोंदी करतात आणि जीएसटीची विवरणपत्रं भरतात. लॅपटॉप चार वर्षांपूर्वीचा, त्यात विंडोज 11. गेल्या काही महिन्यांपासून असं होतंय की लॅपटॉप मिटवून त्या स्वयंपाकाला उठतात आणि परत येऊन उघडतात, तेव्हा वायफाय गेलेलं असतं. खालच्या कोपऱ्यात पृथ्वीच्या गोलाचं चिन्ह दिसतं, वायफायचं बटणच नाहीसं होतं, शेजाऱ्यांच्या वायफायची नावंही दिसत नाहीत. त्याच क्षणी मोबाइलवर घरचं वायफाय मात्र व्यवस्थित चालू असतं. लॅपटॉप बंद करून परत चालू केला तर कधी येतं, कधी येत नाही. रिस्टार्ट केल्यावर मात्र हमखास येतं. यजमानांना राउटरचा संशय आहे. पुण्यातला मुलगा म्हणतो, चार वर्षं झाली, आता नवा घे. गावातला दुरुस्तीवाला म्हणाला, फॉरमॅट मारू, म्हणजे सगळं पुसून विंडोज नव्याने टाकू, नाहीतर आतलं वायफायचं कार्ड बदलू. या सगळ्यात ताईंनी लॅपटॉप मिटवणंच सोडून दिलंय. त्या विचारतात : "माझंच काही चुकतंय का? बाजूला ठेवलेले पैसे नव्या लॅपटॉपवर घालू का?"

ताई, नमस्कार.

पैशांना अजून हात लावू नका. आणि तुमचं काहीही चुकत नाहीये. लॅपटॉप मिटवून उठणं आणि परत येऊन उघडणं, यासाठीच तो बनवलेला असतो.

"मला यातलं काही कळत नाही," असं तुम्ही पत्रात दोनदा लिहिलंय. त्याच पत्रात तुम्ही दोन गोष्टी इतक्या नेमक्या टिपल्या आहेत की निम्मं निदान तिथेच झालं. एक, त्याच वेळी मोबाइलवर वायफाय चालू असतं. म्हणजे राउटर आणि घरातलं कनेक्शन ठीक आहे. यजमानांना एवढं सांगून राउटरचा खर्च वाचवा. दोन, रिस्टार्ट केलं की वायफाय दर वेळी येतं. कार्ड जळालं असतं तर रिस्टार्टनंतरही आलं नसतं. म्हणून कार्ड बदलायचा विचारही तूर्त मागे ठेवा. राहतो तो एकच संशय : लॅपटॉप झोपेतून उठतो तेव्हा वायफायचं कार्ड त्याच्याबरोबर उठत नाही.

हे कसं होतं ते थोडं सांगते, कारण पुढचे उपाय त्यावरच उभे आहेत. लॅपटॉपमधलं वायफाय कार्ड हा एक स्वतंत्र छोटा संगणकच असतो. त्याची स्वतःची चिप असते आणि त्यात चालणारी आज्ञावली असते. विंडोज त्याच्याशी बोलते ती ड्रायव्हर नावाच्या दुभाष्यामार्फत. लॅपटॉप स्लीपमध्ये जाताना वीज वाचवायला कार्डाची शक्ती कमी केली जाते. उघडल्यावर ड्रायव्हरने कार्डाला हाक मारायची, कार्डाने उत्तर द्यायचं, मग आसपासची नेटवर्क शोधायची, पासवर्डची ओळख पटवायची, राउटरकडून पत्ता, म्हणजे नेटवर्कवरचा लॅपटॉपचा ओळखक्रमांक, घ्यायचा; इतकं सगळं काही सेकंदांत उरकतं. यातल्या पहिल्याच पायरीवर कार्डाने उत्तर दिलं नाही, तर विंडोजच्या लेखी ते कार्ड असून नसल्यासारखंच. मग वायफायचं बटण तरी कुठून दिसणार?

बाकीच्या वाचकांसाठी इथेच एक फरक सांगून ठेवते, कारण "उघडल्यावर वायफाय चालत नाही" हे वाक्य सगळे म्हणतात आणि दुखणी मात्र निरनिराळी असतात. बटणच गायब असेल, तर ताईंसारखं कार्ड उठलेलं नाही. नावं दिसतात पण घरचं वायफाय जोडलं जात नाही, असं असेल तर त्या नावावर 'फरगेट' करा आणि पासवर्ड घालून पुन्हा जोडा. तेवढ्याने झालं नाही तर राउटर एकदा बंद करून चालू करा. आणि "कनेक्टेड" दिसतंय पण एकही पान उघडत नाही, तर कार्ड जागं आहे, अडलंय ते पत्त्यापाशी. अशा वेळी वायफाय एकदा बंद-चालू करून बघा, ऑफिसचं व्हीपीएन, म्हणजे ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी सुरक्षित वाट, चालू असेल तर तेही तोडून परत जोडा. या शेवटच्या दोन प्रकारांत ड्रायव्हरच्या मागे लागून वेळ घालवू नका.

आता ताई, एक छोटी परीक्षा. पत्रात तुम्ही धरून चालला आहात की झाकण मिटल्यामुळे वायफाय जातं. पण झाकण मिटणं आणि स्लीपमध्ये जाणं या दोन वेगळ्या घटना आहेत. तुमच्याकडे त्या एकदमच घडतात इतकंच. बहुतेक लॅपटॉपमध्ये वायफायचा अँटेना स्क्रीनच्या कडेला बसवलेला असतो आणि त्याची बारीक वायर बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येते. म्हणून एकदा झाकण उघडं ठेवूनच स्टार्टमधल्या पॉवरच्या बटणावरून 'स्लीप' निवडा. दहा-पंधरा मिनिटं थांबून जागा करा. वायफाय गेलं असेल, तर दोष झोपेचाच. पण असं केल्यावर वायफाय दर वेळी टिकतंय आणि झाकण मिटलं तरच जातंय, किंवा स्क्रीनचा कोन बदलला की सिग्नल कमीजास्त होतोय, तर बिजागरीतल्या वायरीकडे बोट जातं आणि ते काम दुरुस्तीवाल्याचं. तुमच्याकडे सगळं बटणच नाहीसं होतंय, म्हणून मला पहिली शक्यता जास्त वाटते. तरी परीक्षा कराच.

दुसरी गोष्ट मला सगळ्यात महत्त्वाची वाटते. बंद करून चालू केल्यावर कधी येतं, कधी नाही, पण रिस्टार्टवर हमखास येतं, हे तुम्हाला कोड्यात टाकणारं वाटलंय. शटडाऊन म्हणजे पूर्ण बंद, रिस्टार्ट म्हणजे तेच पण थोडं लवकर, असंच कुणीही समजेल. विंडोज 8 पासून, म्हणजे 2012 पासून, तसं राहिलेलं नाही. 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय बहुतेक लॅपटॉपवर आधीपासून चालू असते. ती चालू असताना शटडाऊन केलं, तर तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर होते त्या अवस्थेत डिस्कवर लिहून ठेवले जातात आणि पुढच्या वेळी तिथूनच उचलले जातात. तुमच्या भाषेत, मागच्या पानावरची चुकलेली बेरीज 'मागील शिल्लक' म्हणून नव्या पानावर ओढली जाते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळं पहिल्यापासून मांडलं जातं.

म्हणून फास्ट स्टार्टअप बंद करून टाका. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघडा. डावीकडे 'चूझ व्हॉट द पॉवर बटन्स डू' अशी ओळ आहे. तिथे गेल्यावर आधी 'चेंज सेटिंग्ज दॅट आर करंटली अनअव्हेलेबल' वर क्लिक करा, मग खाली 'टर्न ऑन फास्ट स्टार्टअप' समोरची खूण काढून सेव्ह करा. सकाळी लॅपटॉप सुरू व्हायला थोडा जास्त वेळ लागेल, एवढाच तोटा. याने मूळ दुखणं जाणार नाही, पण निदान शटडाऊन म्हणजे खरोखर शटडाऊन होईल आणि पुढचे उपाय लागू पडले की नाही ते स्पष्ट दिसेल.

आता मूळ दुखणं. स्टार्टच्या चिन्हावर उजवं क्लिक करा, 'डिव्हाइस मॅनेजर' निवडा आणि 'नेटवर्क अडॅप्टर्स' उलगडा. ज्या नावात वायफाय किंवा वायरलेस आहे ते तुमचं कार्ड. त्यावर उजवं क्लिक करून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट' नावाचा कप्पा असेल, तर त्यातल्या पहिल्या ओळीचा अर्थ असा : वीज वाचवण्यासाठी हे उपकरण बंद करायला संगणकाला परवानगी द्या. ती खूण काढा, ओके करा, रिस्टार्ट करा. झोपेत बॅटरी किंचित जास्त जाईल, पण कार्डाची शक्ती काढून घेणं थांबेल. कित्येकांचं काम एवढ्यावरच भागतं.

तो कप्पाच दिसला नाही तर घाबरू नका, तुम्ही चुकीच्या जागी आलेला नाही. अलीकडच्या पुष्कळ लॅपटॉपमध्ये तो नसतो. याचं कारण झोपेची पद्धतच बदलली आहे. जुन्या पद्धतीत स्लीप म्हणजे फक्त मेमरीपुरती वीज चालू, बाकी सगळं बंद. 2015 मध्ये विंडोज 10 बरोबर 'मॉडर्न स्टँडबाय' आलं. त्यात स्क्रीन विझते, पण लॅपटॉप मोबाइलसारखा अर्धवट जागा राहतो, मधूनमधून नेटवर्कही तपासतो. कार्डाच्या शक्तीचा कारभार त्यात विंडोज आणि ड्रायव्हर मिळून बघतात. वापरणाऱ्याच्या हाती फारसं ठेवलेलं नाही. तुमच्याकडे कोणती पद्धत आहे ते बघायचं असेल, तर स्टार्टमध्ये सीएमडी शोधून ती काळी खिडकी उघडा. इंग्रजीत पॉवर हा शब्द आणि त्याला जोडून सी, एफ, जी ही अक्षरं टाइप करा, एक जागा सोडा, मग उजवीकडे झुकणारी रेघ आणि लगेच ए, आणि एंटर. उत्तरात वरच्या, म्हणजे उपलब्ध झोपेच्या यादीत 'एस झीरो' दिसलं तर नवी पद्धत, 'एस थ्री' दिसलं तर जुनी.

यूट्यूबवर एक उपाय मोठ्या आत्मविश्वासाने सांगितला जातो : रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंग्जच्या नोंदवहीत, एक नोंद घाला आणि जुन्या पद्धतीची झोप परत आणा. कृपा करून त्या वाटेला जाऊ नका. जुनी झोप परत यायला लॅपटॉपच्या मूळ बनावटीतच तिची सोय असावी लागते. ती नसेल तर त्या नोंदीने स्लीपचा पर्यायच नाहीसा होतो. तुमच्या या एका यंत्रावर इतक्या दुकानदारांचे हिशेब आहेत. त्यावर असले प्रयोग नकोत.

कप्पा नसेल तर लक्ष ड्रायव्हरकडे वळवा. त्याच प्रॉपर्टीजमध्ये 'ड्रायव्हर' कप्प्यात तारीख दिसते. त्रास सुरू झाला त्याच्या थोडंच आधी ड्रायव्हर बदललेला असेल आणि 'रोल बॅक ड्रायव्हर' हे बटण दाबता येत असेल, तर आधी तेच दाबा. विंडोज अपडेटमधून ड्रायव्हर आपल्या नकळत बदलू शकतो, त्यामुळे "मी तर काही केलंच नाही" हे तुमचं म्हणणं अगदी खरं असणार. उलट ड्रायव्हर फार जुना असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जा, लॅपटॉपच्या पाठीवर छापलेला क्रमांक घाला आणि तुमच्या मॉडेलसाठी दिलेला वायफायचा ड्रायव्हर उतरवून घ्या. "सगळे ड्रायव्हर फुकट अपडेट करून देतो" म्हणणारी सॉफ्टवेअर घेऊ नका. तुमच्या लॅपटॉपवर इतरांचे जीएसटीचे लॉगिन आहेत, हे मी तुम्हाला सांगायला नको.

त्याच संकेतस्थळावर बायॉसचं, म्हणजे विंडोजच्याही आधी लॅपटॉप सुरू करणाऱ्या आज्ञावलीचं, अपडेटही दिसेल. झोपेच्या तक्रारींवर ते कधीकधी खरोखर लागू पडतं, पण ते अर्ध्यात तुटलं तर लॅपटॉप सुरूच होणार नाही. म्हणून बॅटरी भरलेली, चार्जर लावलेला आणि गावात लाइट जाण्याची वेळ नाही, अशाच दिवशी करा. 11 तारखेच्या जीएसटीआर-1 किंवा 20 तारखेच्या 3 बी या विवरणपत्रांच्या आदल्या रात्री तर मुळीच नको.

एवढं करूनही वायफाय जात राहिलं, तर तुमच्या कामाच्या पद्धतीला मला सगळ्यात सोयीचा वाटतो तो हायबरनेट. त्यात उघडी असलेली टॅली आणि बाकी सगळं जसंच्या तसं डिस्कवर लिहून लॅपटॉप खरोखर बंद होतो. कार्डाची वीज पूर्ण जाते आणि उघडताना त्याची सुरुवात पहिल्यापासून होते, त्यामुळे अर्धवट झोपेत अडकायचा प्रश्न बहुधा येत नाही. जागं व्हायला स्लीपपेक्षा थोडा जास्त वेळ लागतो. पॉवर ऑप्शन्समध्येच 'चूझ व्हॉट क्लोजिंग द लिड डझ' वर जा आणि झाकण मिटल्यावर काय करायचं तिथे बॅटरी आणि चार्जर दोन्हींखाली हायबरनेट निवडा. यादीत तो पर्याय नसेल, तर जिथे फास्ट स्टार्टअपची खूण काढली तिथेच हायबरनेटची खूण आहे, ती चालू करा.

हे मी आवर्जून सुचवतेय, कारण लॅपटॉप दिवसभर उघडा ठेवायचा तुमचा सध्याचा उपाय मला पटलेला नाही. चार्जर लावून, शंभर टक्के भरलेल्या अवस्थेत, गरम होत राहिलेली बॅटरी लवकर म्हातारी होते. शिवाय तुम्ही स्वयंपाकघरात असता तेव्हा दुसऱ्यांचे हिशेब टेबलावर उघडे पडलेले असतात. हायबरनेट बसवेपर्यंत उठताना निदान विंडोजची कळ आणि एल एकत्र दाबून कुलूप लावत जा.

मध्येच वायफाय गेलं आणि टॅलीत काम अर्धवट असेल, तर रिस्टार्ट हा एकच मार्ग नाही. डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डावर उजवं क्लिक करून 'डिसेबल' करा, काही सेकंद थांबा, मग 'एनेबल'. पुष्कळदा कार्ड तेवढ्याने उठतं आणि उघडलेलं काम तसंच राहतं. तरीही उठलं नाही आणि विवरणपत्र भरायची शेवटची तारीख असेल, तर मोबाइल चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडा, मोबाइलच्या हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. मोबाइलचं इंटरनेट थेट तारेतून येतं. वायफाय कार्डाची गरजच पडत नाही. साधा हॉटस्पॉट अशा वेळी कामाचा नाही, कारण तो पकडायला तेच झोपलेलं कार्ड लागतं. केबल डेटाची हवी, नुसती चार्जिंगची चालत नाही. ही केबल लॅपटॉपच्या पिशवीत कायमची ठेवा.

'नेटवर्क रीसेट' नावाचं बटण सेटिंग्जमध्ये सापडेल. ते वाईट नाही, पण त्याने लक्षात ठेवलेली सगळी वायफायची नावं आणि पासवर्ड पुसले जातात, व्हीपीएन असेल तर तेही. ते वरच्या उपायांनंतर, आणि घरचा पासवर्ड कागदावर लिहून घेतल्यावरच.

मुलाच्या सल्ल्याबद्दल. तो काळजीपोटी बोलतोय आणि त्याच्या घाईचं कारणही कळतं. दर वेळी फोनवरून आईला समजावणं त्याला जड जात असेल. पण नवा लॅपटॉप घेतला तर त्यातही बहुधा मॉडर्न स्टँडबायच असेल, तसंच कार्ड असेल, तसेच ड्रायव्हर असतील. हा त्रास तिथे होणारच नाही, असं कुणी लिहून देणार नाही. विंडोज 10 चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला, म्हणून काहींना लॅपटॉप बदलणं भाग पडलं; तुमच्याकडे 11 आहे, तेव्हा तेही कारण नाही. टॅली रेंगाळत असेल, स्क्रीन गेली असेल, बॅटरी अर्धा तासही टिकत नसेल, तर नव्याचा विचार जरूर करा. पत्रात यातलं काहीच नाही. मुलाला लॅपटॉप विकत घेण्याऐवजी एक रविवार मागा. तो शेजारी बसू दे, पण माउस तुमच्याच हातात असू दे.

आणि एक वही करा, जी तुम्हाला माझ्यापेक्षा छान जमेल. वायफाय गेलं की तारीख, किती वेळ मिटवलेला होता, चार्जर लावलेला होता की नाही, आणि कशाने परत आलं, हे लिहा. उपाय एका वेळी एकच करा आणि पुढे तीन-चार दिवस बघा. सगळे उपाय एकाच दुपारी केले, तर कशाने गुण आला ते कधीच कळणार नाही.

पुढचा एक जीएसटीचा महिना असा जाऊ द्या. तरीही वायफाय जात असेल, किंवा झोपेचा संबंध नसताना काम करता करताही जायला लागलं, तर कार्ड खरंच दमलंय असं समजून वही घेऊन दुकानात जा. फॉरमॅटला लगेच हो म्हणू नका. दोष ड्रायव्हरच्या अवस्थेत असेल तर फॉरमॅटने काही दिवस बरं वाटेल, पण नंतर विंडोज अपडेटने तोच ड्रायव्हर पुन्हा आणला की त्रास परत येईल. त्यांना विचारा, कार्ड सुटं आहे की लॅपटॉपच्या मुख्य बोर्डावरच जोडलेलं आहे? सुटं असेल, तर माझ्या मॉडेलला चालणारं नेमकं कोणतं? काही कार्डं विशिष्ट प्रोसेसरच्या बोर्डावरच चालतात, त्यामुळे हा प्रश्न सोडू नका. नवं कार्ड नव्या लॅपटॉपच्या किमतीच्या अगदी लहानशा भागात येतं. जोडलेलं असेल तर यूएसबीला लावायचा वायफाय अडॅप्टर काही शे रुपयांत मिळतो, दिसायला थोडा ओबडधोबड, पण हिशेबाच्या कामाला पुरेसा. बदललेलं जुनं कार्ड मागून घ्या. आणि लॅपटॉप दुकानात सोडण्याआधी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेऊन तो घरी कपाटात ठेवा. लॅपटॉपबरोबर त्याच पिशवीत नको.